खालच्या ओळी

"दविस म्हणजे काय गं?" आत्यानं विचारलं.

रविवारची दुपार, ठाण्यात चरईतलं तिचं घर. जेवणं आटोपून आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. पेन ड्राइव्ह टीव्हीच्या पाठीला खोचलेला, पडद्यावर जपानी शाळेतला वर्ग आणि त्याखाली मी चार रात्री बसून केलेल्या मराठी ओळी, म्हणजे सबटायटल्स. ऐरोलीला घरी माझ्या लॅपटॉपवर त्या ओळी अगदी स्वच्छ दिसल्या होत्या. इथं मात्र 'दिवस'चा 'दविस' झाला होता. वेलांटी 'द'वरून घसरून 'व'वर जाऊन बसली होती. 'सूर्य'मधला रफार डोक्यावर चढलाच नव्हता. 'र' पाय मोडून 'य'च्या शेजारी उभा होता. 'मित्र', 'तुझ्या', 'दुसऱ्या'… एकेका ओळीत तीन-तीन शब्द असे मोडून पडलेले.

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "माझे डोळे तर नाहीत ना बिघडले?"

कान गेलेल्या बाईला माझ्या फाईलमुळे स्वतःच्या डोळ्यांची शंका यावी, याचं मला फार वाईट वाटलं. मी वहीत लिहून दाखवलं, 'तुझे डोळे ठीक आहेत. टीव्हीला मराठी अक्षरं जुळवता येत नाहीत.' तिनं ते वाचलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "म्हणजे जुळाऱ्याची चूक," ती म्हणाली. "मग ते लाल पेन दे इकडे."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वयाच्या १९व्या वर्षी ती ठाण्यातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवायला, लागली. धातूच्या अक्षरांचे खिळे उचलायचे, स्टिकमध्ये ओळीनं लावायचे, जुळलेल्या ओळींची गॅली बांधायची. पुढे मालकांनी तिची नजर ओळखून तिला मुद्रितं तपासायला बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत ती तेच करत राहिली. गेल्या सात-आठ वर्षांत तिचे कान हळूहळू गेले. कानाचं यंत्र आहे, पण त्यातून आवाज येतो, शब्द येत नाहीत, असं ती सांगते. भांडं पडलेलं कळतं, दार वाजलेलं कळतं; माणसं बोलायला लागली की नुसता गलका.

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची ती जुनी सभासद. १८९३ सालापासून चालत आलेलं ते ग्रंथालय तिच्या पायाखालचं आहे, त्यामुळे पुस्तकांना तोटा नाही. तिला मिळेनासं झालं ते बोलणं. दोन माणसं एकमेकांशी बोलताहेत आणि आपण बाजूला बसून ऐकतोय, हे सुख पुस्तकात मिळत नाही. टीव्हीवरच्या मालिका तिनं सोडून दिल्या, कारण ती पाहायची त्या मालिकांना मराठी ओळी नव्हत्या. मराठी माणसासाठी काढलेल्या मराठी मालिकेखाली मराठी अक्षरं असावीत, हे मागणं मला आजही अवाजवी वाटत नाही.

दूरदर्शनवर पूर्वी रविवारी दुपारी इतर भाषांतले पुरस्कार मिळालेले चित्रपट लागायचे, इंग्रजी सबटायटल्ससह. मल्याळम असो, बंगाली असो, आत्या ते पाहायची आणि अडखळत का होईना, इंग्रजी वाचत जायची. 'खालच्या ओळी' हा तिचा शब्द तेव्हापासूनचा. म्हणून एका संध्याकाळी मी तिच्याकडे लॅपटॉपवर एक जपानी मालिका पाहत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली यात नवल नव्हतं. चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर खाली चाललं होतं. पडद्यावर एक मुलगी तातामीच्या चटईवर गुडघे टेकून बसली होती, समोर पत्ते मांडलेले. कुणीतरी एक अक्षर उच्चारलं आणि तिनं झडप घालून एक पत्ता उडवला.

"हा कुठला डाव?" आत्यानं विचारलं. मी वहीत लिहायला बसले आणि दोन पानं भरली.

डावाचं नाव कारुता. तेराव्या शतकाच्या सुमारास फुजिवारा नो तेइका या कवीनं १०० कवींची एकेक कविता निवडून संग्रह केला. हा खेळ त्या १०० कवितांचा. वाचणारा कवितेचा पूर्वार्ध म्हणतो, खाली मांडलेल्या पत्त्यांवर फक्त उत्तरार्ध छापलेला असतो. खेळाडूनं पूर्वार्ध कानावर पडताच उत्तरार्धाचा पत्ता ओळखून प्रतिस्पर्ध्याच्या आधी त्याला हात घालायचा. स्पर्धेत १००पैकी ५० पत्ते मांडतात, दोघांकडे पंचवीस-पंचवीस. कविता मात्र सगळ्याच वाचल्या जातात, म्हणजे जो पत्ता मांडलेलाच नाही त्यावर हात आवरायचा. डावाआधी १५ मिनिटं पत्त्यांच्या जागा पाठ करायला. ७ कविता अशा आहेत की त्या पहिल्या अक्षरावरच ओळखता येतात, कारण त्या अक्षरानं सुरू होणारी दुसरी कविता संग्रहात नाही. मु, सु, मे, फु, सा, हो, से.

पत्त्यांवर छपाई कशी असते हेही मी लिहिलं. अक्षरं साध्या हिरागाना लिपीत, आणि 'का'चा 'गा' करणाऱ्या त्या दोन बारक्या टिंबरेघा मुद्दाम गाळलेल्या. "म्हणजे अनुस्वार न देता छापल्यासारखं," आत्या म्हणाली. "आणि तरी वाचतात पोरं?" तिचे डोळे चमकले होते. "मला हे मराठीत दे."

अशी ही सुरुवात. पण पहिल्याच दुपारी 'दविस' झाला, आणि मला कळलं की भाषांतर करणं हा या कामाचा निम्मा भागसुद्धा नाही.

वेलांटीचं कोडं मला आत्यानंच सोडवून दिलं, तेही नकळत. वहीत लाल खूण करताना ती सांगत होती, "आम्ही ऱ्हस्व वेलांटी आधी उचलायचो आणि मग अक्षर. डोळ्याला दिसतं त्या क्रमानं." कॉम्प्युटरमध्ये नेमकं उलट आहे. युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची कॉम्प्युटरची पद्धत, तिच्यात 'दि' साठवताना आधी 'द' आणि मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमानं. पडद्यावर दाखवताना कुणीतरी ती वेलांटी उचलून 'द'च्या डावीकडे नेऊन ठेवावी लागते, 'र्' आणि 'य' पाहून रफार वर चढवावा लागतो, 'त्' आणि 'र' एकत्र करून 'त्र' घडवावा लागतो. थोडक्यात, प्रत्येक पडद्याआड एक जुळारी लागतो. माझ्या लॅपटॉपवरच्या एमपीव्ही प्लेयरमध्ये सबटायटल्स रंगवायचं काम लिबॅस करतं आणि ते जुळारीपणासाठी हार्फबझची मदत घेतं. हार्फबझ हे नाव फारसी आहे; हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं. आपल्या बोलण्यातला 'हरफ' तोच. टीव्हीतल्या प्लेयरला हा जुळारी नव्हता. त्याला फाईलमधली चिन्हं मिळाली तशी त्यानं ओळीनं मांडली. वेलांटीचा वळसा 'द'च्या पुढे, म्हणजे 'व'च्या डोक्यावर. दविस.

हे मी आत्याला लिहून दाखवल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आमचं काम कुठे गेलं नाही म्हणायचं."

रात्री झोपताना आत्या टॅबलेटवर पाहते. तिथं वेगळीच तऱ्हा निघाली. एका भागात सगळी मराठी नाहीशी होऊन डोक्यावर तिरपी रेघ असलेलं रोमन 'ए' आणि चार पायांचं वर्तुळ यांची रांग लागली. फाईल युटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड जतन करायच्या एका पद्धतीत होती. तिथं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं. प्लेयरनं तिला पाश्चात्त्य युरोपीय लिपीतली फाईल समजून प्रत्येक बाइटचं एकेक अक्षर वाचलं. जपानी लोकांना हा रोग जुना ठाऊक आहे, त्यांचा शब्द 'मोजीबाके': अक्षरांनी रूप पालटणं, आणि हे पालटणं भुताटकीतलं. फाईलच्या सुरुवातीला युटीएफ-८ची खूण घालून जतन केली आणि भूत उतरलं. दुसऱ्या एका प्लेयरमध्ये अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. तिथं फाँटच नव्हता. व्हिडिओच्या एमकेव्ही फाईलच्या पोटात फाँट जोडून देता येतात, पण मी ओळी वेगळ्या काढून दिल्या तेव्हा ते मागेच राहिले. या चौकटींना फाँटवाले तोफू म्हणतात आणि गुगलच्या नोटो फाँटचं नावही त्यावरूनच, तोफू नको म्हणून. मी मात्र आत्याला आवडला तो 'मुक्त' नावाचा फाँट वापरते, मुंबईच्या एक टाईपनं केलेला. तिनं त्याचा 'ल' आणि 'श' बराच वेळ निरखला होता.

आणखी एक. तिकडच्या सबटायटल करणाऱ्यांची आवडती फाईल म्हणजे ए-एस-एस. तिच्यात ओळ कुठं बसावी, कोणत्या रंगात, कशी मावळावी, सगळं महिरपी कंसात लिहिता येतं. टीव्हीला फक्त साधी एसआरटी फाईल चालत होती, नुसत्या ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली. रूपांतर करताना ते कंस पुसले नाहीत, तर एखादं पात्र रडत असताना त्याच्या आसवांखाली महिरपी कंसात 'ए-एन-८' असं छापून येतं. तो हुकूम असतो ओळ वरच्या बाजूला नेण्याचा. आत्यानं त्यावर रेघ मारून समासात लिहिलं, 'मजकुरात नाही. गाळा.'

तिचा एक आग्रह मला महागात पडला. आकडे मराठीच हवेत, असं तिनं बजावलं होतं. मी एका फटक्यात फाईलभर रोमन आकड्यांच्या जागी देवनागरी आकडे घातले आणि निर्धास्त मनानं ठाण्याची गाडी पकडली. त्या दुपारी पडद्यावर एकही ओळ उमटली नाही. ओळींबरोबर वेळांचे आकडेही मराठी झाले होते, आणि मिनिट-सेकंद वाचणाऱ्या प्लेयरला ते ओळखताच आले नाहीत. आत्या अर्धा तास शांतपणे नुसती चित्रं पाहत बसली. "आज मूकपट होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण घरी परतताना ऐरोली येईपर्यंत मला ते वाक्य सुटलं नाही.

अक्षरं सुधारली तरी वेळ राहतेच. ओळी चुकीच्या वेळी येण्याचे तीन प्रकार मी शिकले आणि आत्याला घड्याळाच्या भाषेत समजावले. पहिला, घड्याळ मागे आहे: सगळ्या ओळी सारख्याच दोन सेकंद उशिरा. हा सोपा, व्हीएलसी प्लेयरमध्ये जी आणि एच या कळांनी दर दाबाला ५० मिलिसेकंद मागेपुढे करता येतं. दुसरा, घड्याळ मागे पडत किंवा पुढे जात चाललं आहे: सुरुवातीला बरोबर आणि शेवटाला पार विस्कटलेलं. चित्रं सेकंदाला २३.९७६ धावत असतील आणि ओळी युरोपातल्या २५च्या चालीवर बांधलेल्या असतील, तर मिनिटामागे जवळजवळ अडीच सेकंदांचा फरक पडतो. २४ मिनिटांच्या भागाच्या शेवटी तो मिनिटाच्या घरात जातो. इथं कळा दाबून भागत नाही, सगळ्या वेळांना एकाच प्रमाणात गुणावं लागतं. तिसरा सर्वांत फसवा: घड्याळानं मधेच काही सेकंद गाळले. जपानी टीव्हीवरून घेतलेल्या प्रतीत प्रायोजकांची पाटी असते, डिस्कवरच्या प्रतीत नसते. पाटीपर्यंत सगळं ठीक आणि पाटीनंतरच्या प्रत्येक वाक्याला चुकीचं तोंड.

ऐकू येणाऱ्याला यातलं बरंच खपतं. कानावर आवाज पडत असतो, कोण बोललं ते कळतं, डोळा ओळ सावरून घेतो. आत्याला ती सवलत नाही. ओळ उशिरा आली तर तिच्या लेखी ते वाक्य दुसराच माणूस बोलतो.

हे सगळं मुळात ज्यांनी केलं, त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. व्हिडिओ कॅसेटच्या काळात अमेरिकेतले चाहते अमिगा कॉम्प्युटर जोडून टेपवर इंग्रजी ओळी चढवत. पुढे इंटरनेटवर गट झाले: एक भाषांतर करणारा, एक वेळ बांधणारा, एक पाट्या आणि फलक चित्रात मिसळणारा, एक तपासनीस. टोपणनावांपलीकडे त्यांची ओळख नाही. भाषांतराचा हक्क मूळ कर्त्याचा असतो, १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातही तसंच आहे, आणि तो हक्क मला मान्य आहे. त्याच कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं अपंग व्यक्तींसाठी, त्यांना घेता येईल अशा रूपात कलाकृती तयार करायला मुभा दिली. मी मालिका पाहते त्याचे पैसे भरते आणि माझ्या मराठी ओळी आत्याच्या घराबाहेर जाऊ देत नाही.

टीव्हीला जुळारी नव्हता, त्याला काही केल्या तो देता येईना. शेवटी मी ओळी चित्रातच जाळून टाकल्या. या क्षेत्रात त्याला हार्डसब म्हणतात. लॅपटॉपवर अक्षरं नीट जुळवायची, प्रत्येक चित्रावर ती कायमची उमटवायची आणि नवी व्हिडिओ फाईल करायची. मग कोणताही प्लेयर असो, त्याला अक्षरं कळायची गरजच उरत नाही. मात्र एकदा जळलेली चूकही कायमची. आत्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. "सुट्या ओळी म्हणजे गॅली आणि ही म्हणजे छापून झालेली फर्मा," ती म्हणाली. "आता शुद्धिपत्र." तेव्हापासून आमची पद्धत ठरली. आधी सुट्या ओळींची फाईल टॅबलेटवर, ती तपासणार, वहीत मिनिट-सेकंदासह खुणा करणार, मी दुरुस्त करणार, मग जाळायची. आठवड्याला एक भाग. 'नको' एका ओळीत आणि 'म्हणाली' दुसऱ्या ओळीत गेलेलं तिला चालत नाही. ओळीची लांबी ती अक्षरांत मोजते, कॉम्प्युटर चिन्हांत. 'स्त्री' हे तिचं १ अक्षर, त्याची ६ चिन्हं.

अकराव्या भागात स्पर्धा आली. तपासायला दिलेली फाईल आत्यानं एकही खूण न करता परत केली. फक्त खाली लिहिलं होतं, 'डाव कळत नाही.'

मी पुन्हा पाहिलं. वाचणाऱ्यानं श्वास घेतला की अख्खी कविता खाली उमटत होती. मी इंग्रजीत होतं तसंच ठेवलं होतं. ऐकणाऱ्याच्या कानात अक्षरं एकेक करून पडतात, म्हणून त्याला पूर्ण ओळ आधी दिसली तरी डाव बिघडत नाही. आत्याला मात्र खेळाडूंच्या आधीच सगळी कविता कळत होती. त्या मुलीचा हात पहिल्या अक्षरावर का झेपावला, हे तिला दिसणारच नव्हतं. कानाचा खेळ, आणि तिचा कान म्हणजे माझी ओळ.

मी मूळ ए-एस-एस फाईल उघडली आणि त्या कवितेपाशी थांबले. रूपांतरात मी जे महिरपी कंस सरसकट पुसले होते, त्यात कुणीतरी प्रत्येक अक्षराची वेळ बांधून ठेवली होती. गाण्यांसाठी वापरतात त्या कॅराओकेच्या खुणा, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेल्या. मु ३४. रा २९. सा ३१. वाचणाऱ्याचा एकेक उच्चार कुणीतरी पुन्हापुन्हा ऐकून, ध्वनीच्या आलेखावर रेघा ओढून मोजला होता. हे त्यानं कोणासाठी केलं असेल? इंग्रजी वाचणाऱ्याला तर कानांनी ते ऐकूच येत होतं. त्या अनोळखी माणसाचं ते काम चरईत एका बाईच्या उपयोगी पडणार होतं, आणि मी ते पुसून टाकलं होतं.

त्या रात्री एजिसब या सबटायटल्स बांधायच्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीच्या बारा ओळी केल्या. पहिल्या ओळीत नुसतं 'मु'. ०.३४ सेकंद, म्हणजे ८ चित्रं. मग 'मुरा'. मग 'मुरासा'. मग 'मुरासामे नो'. जपानी उच्चार देवनागरीत बसतात, हे आपल्या लिपीचं मोठं देणं. अर्थ मी मागे ठेवला. हात पडल्यावर, पत्ता उडाल्यावर, दम लागलेल्या चेहऱ्यांखाली तो येऊ दिला. ही कविता जाकुरेन या बाराव्या शतकातल्या भिक्षूची आहे. मुरासामे म्हणजे सर.

सर येऊन गेली,
थेंब अजून पानांवर ओले;
धुकं वर चढू लागलं
शरदातल्या संध्याकाळी.

'सर' हा शब्द आत्याला फार आवडला. पावसाळ्यात गच्चीवरून येऊरचे डोंगर दिसतात, सर सरली की असंच धुकं चढतं, असं ती म्हणाली आणि खिडकीकडे पाहत राहिली. मग पुन्हा तोच तुकडा लावायला सांगितला. 'मु' उमटला. हात पडला. तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लावला. मला वाटलं झालं, आता जाळायला हरकत नाही.

तिनं वही ओढली आणि मिनिट-सेकंद लिहून पुढे एक खूण केली. दोन उभ्या, दोन आडव्या रेघा. जागा सोडा.

"इथं?" मी लिहून विचारलं. "इथं तर काहीच नाही."

"तेच," ती म्हणाली. "आधीच्या कवितेची ओळ जातच नाही. ती असतानाच मु येतो. मधे तो वाचणारा थांबत असेल ना? सगळे श्वास धरून बसलेत, दिसतंय मला. मग अक्षरं कशी अजून बोलताहेत?"

वाचणारा थांबतोच. आधीच्या कवितेचा उत्तरार्ध म्हणून झाला की सुमारे एक सेकंद पूर्ण शांतता, मग पुढचं पहिलं अक्षर. सगळा डाव त्या एका सेकंदावर तोललेला असतो. ओळी लुकलुकू नयेत म्हणून एकीचं टोक दुसरीच्या सुरुवातीला चिकटवायची चांगली पद्धत आहे. एजिसबमध्ये त्यासाठी सोयच आहे आणि मी ती सगळ्या भागावर फिरवली होती. तो सेकंद त्या सोयीनं बुजवून टाकला होता.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसायला मिळालं. मांडीवर लॅपटॉप उघडला, कानात इअरफोन घातले, आधीच्या ओळीचं टोक धरलं आणि आलेखावरची लाट जिथं सपाट होते तिथपर्यंत मागे ओढत आणलं. वहीत अशा खुणा ४३ होत्या. ऐरोली आलं तेव्हा सहाव्या खुणेवर होते.